रसिकाचे मत आणि रहीमसाहेबांचा संघ

फुटबॉलच्या सामन्याला जो मनुष्य वर्षानुवर्षे नेमाने जातो, त्याला तीन बाबतींत मत हे असतेच. कोणता खेळाडू खरा आणि कोणता केवळ दिखाऊ, ही पहिली बाब. प्रशिक्षकाने संघ कसा मांडला आणि तो कसा मांडावयास हवा होता, ही दुसरी. आणि यंदा नाही तर पुढल्या वर्षी आपला संघ कोठवर जाईल, ही तिसरी. मैदानाबाहेर पडताना, चहाच्या दुकानात, परतीच्या वाटेवर तो ही मते इतक्या ठामपणे सांगतो की, नवख्या श्रोत्यास वाटावे, संघाची निवड याच गृहस्थाच्या हाती आहे.

पुष्कळांना हा निव्वळ रिकामपणाचा उद्योग वाटतो. तसे मानणे मात्र अन्यायाचे होईल. संगीताला जसा जाणता श्रोता लागतो तसा खेळालाही जाणता प्रेक्षक लागतो, आणि ज्या गावात असा प्रेक्षक नाही त्या गावात चांगला खेळ फार दिवस टिकत नाही. प्रश्न एवढाच की, रसिकाचे मत जाणतेपणाचे केव्हा ठरते आणि केवळ हौसेचे केव्हा. याचा उलगडा करण्यास हैदराबाद शहर आणि तेथील सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली घडलेला भारतीय संघ यांच्याइतके चांगले उदाहरण आपल्या देशात दुसरे सापडणार नाही.

रहीम यांचा जन्म १९०९ साली हैदराबादेत झाला. पेशाने ते शिक्षक होते. ज्या काचीगुडा भागात मराठी कुटुंबांची वस्ती जुनी आहे, तेथील शाळेतही त्यांनी शिकविले. पुढे शारीरिक शिक्षणाकडे वळून त्यांनी तेच आपले जीवितकार्य केले. १९५० पासून मृत्यूपर्यंत हैदराबाद पोलीस संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे होते. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. मुंबईच्या कूपरेज मैदानावर तो खेळ पाहिलेली पिढी त्या संघाचे वर्णन पुढे कित्येक वर्षे करीत असे. हैदराबादच्या संघाने १९५६-५७ आणि १९५७-५८ या लागोपाठच्या दोन हंगामांत संतोष करंडकही मिळविला. शाळामास्तराच्या वृत्तीचा मनुष्य, हाताशी पोलीस खात्यातील साधी मुले आणि समोर कलकत्त्याचे नामवंत क्लब, असा तो सामना होता. म्हणूनच हैदराबादचा रसिक त्यांना आजही ‘रहीमसाहेब’ म्हणूनच ओळखतो.

आता खेळाडूंविषयीच्या मताकडे वळू. सामान्य प्रेक्षकाचे डोळे चेंडूवर खिळलेले असतात. ज्याच्या पायाशी चेंडू, तो त्याला दिसतो. जो दोघातिघांना चकवून चेंडू झुलवीत नेतो, त्याला टाळ्या मिळतात. परंतु थोडा हिशेब करून पाहावा. सामना नव्वद मिनिटांचा आणि खेळाडू बावीस. चेंडू एक क्षणही मैदानाबाहेर गेला नाही असे धरले, तरी प्रत्येकाच्या वाट्यास सरासरी चार मिनिटेच येतात. म्हणजे उरलेली शहाऐंशी मिनिटे खेळाडू चेंडूवाचून काढतो. या शहाऐंशी मिनिटांत तो कोठे उभा राहतो, सोबत्यासाठी जागा कशी मोकळी करतो, प्रतिस्पर्ध्याला आपल्यामागे कसा ओढून नेतो, आणि चेंडू हातचा गेल्यावर किती तातडीने मागे परततो, यावर त्याची खरी किंमत ठरते. जाणता रसिक चेंडूवरून दृष्टी काढून मधूनमधून एकाच खेळाडूकडे पाच मिनिटे पाहत राहतो. मत बनविण्याची ही पहिली शिस्त होय.

रहीमसाहेबांना चेंडू घोळवीत बसण्याची खोड मुळीच खपत नसे. चेंडू मनुष्यापेक्षा वेगाने धावतो, तेव्हा धावण्याचे काम चेंडूवर सोपवावे, असा त्यांच्या शिकवणीचा सारांश सांगता येईल. चेंडू न घोळविता खेळावयाच्या खास स्पर्धा त्यांनी भरविल्या, तसेच दुबळ्या पायानेच चेंडू मारावयाचे सामने मुलांकडून खेळवून घेतले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. उजव्या पायाच्या खेळाडूस डाव्या पायाने खेळावयास लावणे म्हणजे लेखकाला दुसऱ्या हाताने लिहावयास लावण्यासारखेच. प्रारंभी हसे होते, पण वर्षभराने त्या मुलाला अडविणाऱ्याची पंचाईत होते, कारण तो कोणत्या बाजूस वळेल हे सांगता येत नाही.

या शिकवणीतून तयार झालेला नमुनेदार खेळाडू म्हणजे सिकंदराबादचा तुळसीदास बलराम. प्रदीपकुमार बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि बलराम या त्रयीत श्रेष्ठ कोण, हा वाद रसिकांत कधीच मिटला नाही. बॅनर्जींचा वेग आणि जोरदार फटका, गोस्वामींचे चेंडूवरील प्रभुत्व आणि डौल, हे गुण लांबूनही दिसत. बलरामचे गुण तितके चटकन दिसत नसत. कधी मधल्या आघाडीत, कधी अगदी डाव्या कडेला, संघाला जेथे गरज असेल तेथे तो खेळे, आणि जरूर पडली तर मागे येऊन चेंडू हिसकावून घेई. हैदराबादचा रसिक बलरामला झुकते माप देतो यात गावाचा अभिमान आहे हे खरे. परंतु न दिसणाऱ्या कामाची कदरही त्यात आहे.

खेळाडूविषयी मत देताना तो कोणत्या परिस्थितीत खेळला, हेही ध्यानात घ्यावे लागते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून २-१ असे हरले. त्या सामन्यात दोन पेनल्टी वाया गेल्या; अन्यथा निकाल निराळा लागता. त्यामुळे अनवाणी पायांची कीर्ती झाली आणि बूट अनावश्यक आहेत अशी समजूत दृढ झाली. चार वर्षांनी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपणांस १०-१ असे हरविले. कोरड्या, टणक जमिनीवर अनवाणी पायाला चेंडूचा स्पर्श नेमका कळतो हे खरे. परंतु थंड आणि ओल्या हिरवळीवर तोच पाय घसरतो, बधिर होतो आणि बूट घातलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे कचरतो. हेलसिंकीनंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. दहा गोलांच्या त्या पराभवाबद्दल ज्यांनी केवळ गोलरक्षकाला आणि बचावाच्या खेळाडूंना दोष दिला, त्यांचे मत चुकले. कारण दोष माणसांपेक्षा तयारीत होता.

प्रशिक्षक नेमके काय करतो, हा दुसरा प्रश्न. येथे रसिकाची सर्वांत मोठी फसगत होते. संघ जिंकला की श्रेय खेळाडूंचे आणि हरला की अपश्रेय प्रशिक्षकाचे, असा व्यवहार जगभर चालतो. प्रत्यक्षात सामन्याच्या दिवशी प्रशिक्षकाच्या हाती फार थोडे उरलेले असते. त्याचे काम आधी झालेले असते, आणि ते मुख्यतः दोन प्रकारचे: कोणाला कोठे उभे करावयाचे, आणि त्या जागी त्याने काय करावयाचे हे त्याच्या अंगवळणी पाडावयाचे.

त्या काळी सर्वत्र तीन बचावपटू, दोन हाफ, दोन इनसाइड आणि पुढे तीन आघाडीवाले अशी मांडणी रूढ होती. प्रत्येकाने समोरच्या एकेका खेळाडूवर पहारा ठेवावयाचा, हे तिचे सूत्र. नोव्हेंबर १९५३ मध्ये हंगेरीच्या संघाने लंडनच्या वेंब्ली मैदानावर इंग्लंडला ६-३ असे हरवून या सूत्राचे वर्म उघडे केले. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड हिदेगकुती आघाडीत न राहता मागे सरकून खेळला. त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या इंग्लिश बचावपटूपुढे पेच पडला: मागोमाग जावे तर गोलासमोर खिंडार पडते, जागेवर राहावे तर हिदेगकुती मोकळा सुटतो. रहीमसाहेबांनी या युक्तीचा अभ्यास करून ती भारतीय खेळाडूंना शिकविली. पुढे चार बचावपटू, मध्ये दोघे आणि पुढे चौघे ही ब्राझीलने १९५८ साली जगप्रसिद्ध केलेली मांडणीही त्यांनी आपल्या संघात रुजविली. परदेशप्रवास दुर्मीळ आणि खेळाची चित्रफीत त्याहून दुर्मीळ अशा काळात एका शाळामास्तराने हे साधावे, यातच त्यांची थोरवी आहे.

या तयारीचे फळ १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये दिसले. पहिल्या फेरीत हंगेरीच्या माघारीमुळे भारतास पुढे चाल मिळाली. नंतर यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध आपला संघ ४-२ असा जिंकला आणि त्यांतले तीन गोल मूळच्या गोमंतकीय नेव्हिल डिसूझा यांनी केले. ऑलिंपिकमध्ये तीन गोलांची ही कामगिरी करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. उपांत्य फेरी गाठणारा भारत हाही पहिलाच आशियाई देश ठरला. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल डिसूझा यांनीच केला. परंतु ती आघाडी अवघी काही मिनिटे टिकली आणि सामना ४-१ असा गमवावा लागला. तिसऱ्या क्रमांकासाठी झालेल्या लढतीत बल्गेरियाने ३-० असा विजय मिळविला. पदक हुकले, परंतु चार वर्षांपूर्वी ज्या संघाने दहा गोल केले, त्याच देशाच्या संघाविरुद्ध आपण आधी गोल केला. प्रगती मोजावयाची ती अशी.

प्रशिक्षकाच्या नि:पक्षपातीपणाचेही एक उदाहरण नोंदविण्याजोगे आहे. १९६० साली रोमला गेलेल्या भारतीय पथकात रहीमसाहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम होते, तथापि त्यांना एकाही सामन्यात खेळविण्यात आले नाही. त्या स्पर्धेत भारत हंगेरीकडून २-१ असा निसटता हरला, फ्रान्सशी त्याने १-१ अशी बरोबरी साधली आणि पेरूकडून ३-१ अशी हार पत्करली. स्वतःच्या मुलाला बाजूस बसविणारा प्रशिक्षक संघातील अन्य कोणालाही बाजूस बसवू शकतो, आणि ज्याला बसविले तोही फारशी कुरकुर करीत नाही. संघातील शिस्तीचे हे मूळ होय.

आता १९६२ च्या जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धा पाहू, कारण रसिकाच्या मताची खरी कसोटी तेथे लागली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे नमविले. त्या दिवशी कोणाही रसिकाने सुवर्णपदकाची भाषा केली असती तर लोक हसले असते. पुढल्या सामन्यात थायलंडवर ४-१ असा विजय मिळाला, परंतु बचावाचा आधारस्तंभ जर्नेलसिंग याच्या डोक्याला दुखापत होऊन टाके पडले. त्याच्यावाचून खेळून भारताने जपानला २-० असे हरविले. उपांत्य सामना दक्षिण व्हिएतनामशी होता. टाके घातलेल्या बचावपटूने विश्रांती घ्यावी असेच कोणीही म्हटले असते. रहीमसाहेबांनी त्याला बचावात न ठेवता आघाडीच्या मध्यभागी, सेंटर फॉरवर्डच्या जागी उभे केले.

हा निर्णय वरवर वेडेपणाचा दिसतो. त्यामागील विचार ध्यानात घेतला म्हणजे तसा वाटत नाही. बचावपटूला येणारा प्रत्येक उंच चेंडू डोक्याने परतवावाच लागतो. तेथे त्याला निवड नसते. आघाडीवाला मात्र प्रसंग पाहून उडी घेऊ शकतो. शिवाय जर्नेलसिंगचा देह बळकट, त्यामुळे प्रतिपक्षाचे दोघेजण त्याच्यात गुंतून पडणार आणि बॅनर्जी व गोस्वामी मोकळे राहणार. बचावाची जागा सांभाळण्यास अरुण घोष तयार होताच. सामना ३-२ असा जिंकला; गोस्वामीने दोन गोल केले आणि जर्नेलसिंगने एक.

अंतिम सामना ४ सप्टेंबर १९६२ रोजी पुन्हा दक्षिण कोरियाशीच झाला. वातावरण अत्यंत प्रतिकूल होते. इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना यजमानांनी प्रवेश नाकारला, त्यावर भारताचे क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतली, आणि त्याचा राग जकार्ताच्या जमावाने भारतीयांवर काढला. भरगच्च प्रेक्षागृह आपल्या संघाविरुद्ध ओरडत होते. आजारातून उठलेला उंचापुरा पीटर थंगराज गोलरक्षणास परतला. हाफच्या जागी गोव्यात जन्मलेला फोर्तुनातो फ्रँको, आघाडीत हैदराबादचा युसूफ खान आणि डाव्या कडेला बलराम. सतराव्या मिनिटाला बॅनर्जीने आणि विसाव्या मिनिटाला जर्नेलसिंगने गोल केला. कोरियाने उत्तरार्धात एक गोल फेडला, पण भारत २-१ असा जिंकला. ज्या संघाकडून आरंभी हरलो त्यालाच शेवटी हरविले, आणि तेही जखमी बचावपटूच्या गोलाने.

येथपर्यंतची कथा रसिकाला आवडते. तो ती पुन:पुन्हा सांगतो. २०२४ साली रहीमसाहेबांच्या जीवनावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा नव्या पिढीलाही ती कळली. परंतु तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे संघाच्या भवितव्याचे उत्तर या कथेच्या पुढल्या भागात आहे, आणि तो भाग सहसा कोणी सांगत नाही.

जकार्तानंतर सुमारे नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी रहीमसाहेब कर्करोगाने निधन पावले. त्याच सुमारास बलरामला आजारपणामुळे खेळ सोडावा लागला. तरीही १९६४ च्या आशिया चषकात भारत दुसरा आला आणि १९७० च्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्याने कांस्यपदक मिळविले. साठविलेली शिदोरी काही वर्षे पुरली. त्यानंतर मात्र आशियाई क्रीडास्पर्धांत भारताच्या पुरुष फुटबॉल संघाला पदक मिळालेले नाही.

असे का व्हावे? ज्या जपानला आपण जकार्तात हरविले, त्याची वाटचाल पाहिली म्हणजे उत्तर मिळते. जपानने १९६० सालीच डेटमार क्रेमर हा जर्मन प्रशिक्षक आणला, १९६५ मध्ये देशव्यापी साखळी स्पर्धा सुरू केली आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. कोरियाने १९८३ मध्ये व्यावसायिक साखळी उभारली. आपल्याकडे राष्ट्रीय साखळी सुरू व्हावयास १९९६ साल उजाडले. मधल्या काळात देशातील अनेक सामने नव्वद मिनिटांहून कमी वेळाचे खेळविले जात. ज्याला घरी सत्तर मिनिटे पळण्याची सवय, त्याचे पाय परदेशी मैदानावर शेवटच्या वीस मिनिटांत जड पडावेत यात नवल नाही. रहीमसाहेबांनी एक संघ घडविला. जपानने संघ घडविण्याची पद्धत घडविली. मनुष्य जातो, पद्धत राहते.

या कसोटीवर अलीकडचे यशापयशही पारखता येते. २० मार्च २०२२ रोजी हैदराबाद एफसी या व्यावसायिक संघाने गोव्यातील फातोर्डा मैदानावर पेनल्टींच्या निर्णयाने इंडियन सुपर लीगचे विजेतेपद मिळविले. हैदराबादचे जुने वैभव परतले असे रसिकांना वाटले. पुढे तो संघ आर्थिक अडचणीत सापडला आणि २०२५ साली दिल्लीला हलविण्यात आला. त्यात लबाडी कोणाची, हे शोधीत बसण्यापेक्षा एवढे समजून घ्यावे की, शाळा, पोलीस दल आणि मोहल्ल्यांतील मैदाने यांच्या मुळांवर वाढलेला जुना संघ उचलून नेणे कोणालाही शक्य नव्हते. विकत आणलेला संघ मात्र उचलून नेता येतो.

गोव्याची स्थिती याहून बरी, कारण तेथे गावोगाव मैदान आहे आणि चर्चच्या फेस्ताइतकाच गावचा सामनाही आपला मानला जातो. धेंपो क्लबने आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. तथापि तेथेही २०१६ साली साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी राष्ट्रीय साखळीतून अंग काढून घेतले. आणि त्याच फातोर्डा मैदानावर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सिंगापूरकडून २-१ असे हरल्याने भारत २०२७ च्या आशिया चषकास मुकला. त्या रात्री प्रशिक्षकाला आणि खेळाडूंना दूषणे देणाऱ्यांची संख्या मोठी होती. त्यांचा संताप समजण्याजोगा आहे. परंतु काही महिन्यांपूर्वी नेमलेला प्रशिक्षक पाव शतकाची उणीव भरून काढील, ही अपेक्षाच मुळात हिशेबात बसणारी नव्हती.

तेव्हा रसिकाने मत देऊ नये काय? अवश्य द्यावे, किंबहुना अधिक नेमके द्यावे. खेळाडूविषयी बोलताना त्याच्या पायाशी चेंडू नसतानाचा खेळ पाहून बोलावे. प्रशिक्षकाविषयी बोलताना त्याच्या हाती किती काळ आणि कसली माणसे होती, हे विचारून बोलावे. आणि भवितव्याविषयी बोलताना पहिल्या संघाकडे न पाहता चौदा वर्षांच्या मुलांकडे पाहावे: त्यांना खेळावयास मैदान आहे काय, वर्षाकाठी त्यांचे किती सामने होतात, आणि त्यांना शिकविणारा मास्तर कोण आहे? राष्ट्रीय संघ दहा वर्षांनी कोठे असेल, याचे उत्तर या तीन प्रश्नांत आहे.

हैदराबादेत, मडगावात, बेळगावात आजही संध्याकाळी शाळांच्या पटांगणांवर मुलांचे सामने होतात. तेथे प्रेक्षक बहुधा नसतात. मोठ्या सामन्याच्या तिकिटासाठी रांगेत उभा राहणारा रसिक महिन्यातून एकदा जरी या पटांगणाच्या कडेला उभा राहिला, तरी तेथल्या मुलांना आणि त्यांच्या मास्तरांना मोठा आधार वाटेल. रहीमसाहेबांची सुरुवात अशाच एका पटांगणावर झाली होती.